शिंपल्यांच्या खाली

— नाय नाय, तिथनं नका उतरू हो, तिथं शेवाळ आहे! मागं एक मतदार यादीवाला आला होता, फोनवर बोलत बोलत नेमका तिथंच उभा राहिला आणि सरळ कमरेपर्यंत आत. त्याला काढायला शेजाऱ्यांना हाका माराव्या लागल्या. इकडनं या, ह्या दगडी पायऱ्यांवरनं. आणि टेप सोडायची ती इथनं सोडा, हवी तेवढी सोडा, पाणी कमी पडायचं नाय. बघा की — मे महिना अर्धा सरला, तिकडं नालासोपाऱ्यात बायका टँकरखाली एकमेकींच्या झिंज्या धरतात, आणि आमचं हे बावखल, हे वाडीतलं तळं, कसं? काठोकाठ! लिहा, काठोकाठ. का तुमच्या त्या मोबाईलला आकडाच लागतो? लागत असेल. हल्ली शब्दावर कोणाचा विश्वास आहे म्हणा. घ्या तुमचा आकडा, मी उभी आहे इथं. रमेश ना तुम्ही? कोणी सांगितलं नाय, गळ्यातल्या कार्डावर दिसतंय. मी मर्सी. हे घर माझं, ही वाडी माझी, आणि हे बावखल पाच घरांचं मिळून — त्यातलं एक घर मी.

वापर? वापर काय म्हणजे? हा पंप ऐकू येत नाय का तुम्हाला, सकाळपासून धडधडतोय! केळीला पाणी चाललंय. ती पलीकडं राजेळी, तो कुंपणाला लागून सोनचाफा, ह्या बाजूला वांगी आहेत — म्हणजे होती, आत्ताच काढली, नवीन लावायचीत. लिहा, शेतीला वापर, रोजचा वापर. सिंचन म्हणतात ना तुमच्यात? तेच लिहा, सिंचन. भारदस्त शब्द आहे, वरच्या साहेबांना बरा वाटेल. तुम्ही कुठले? सोलापूरकडचे? मग तुम्हाला पाण्याचं मी काय सांगू, आजीला शिंकायला शिकवल्यासारखं होईल. पण तुमच्याकडं कसं — धरण म्हणजे एवढं थोरलं, टीव्हीवर बातमी, आज साठा इतके टक्के, उद्या तितके टक्के. आमचं धरण हेच. टीव्हीवर येत नाय एवढंच. आमच्या खापरपणज्यांनी हातानं खणलंय. निघालेली माती घराच्या जोत्याला घातली, म्हणून आमच्या ह्या भुईगावात जुनी घरं उंचावर आणि शेजारी बावखल. पाऊस पडतो तो सगळा ह्याच्यात उतरतो, आणि पाऊस गेला की ह्याच्यावर वाड्या. पूर्वी रहाट होता, बैलाचे डोळे बांधून फिरवायचे. आता पंप आला, बैल गेला — डोळे बांधलेले आम्ही राहिलो.

आणि पाणी कोणी किती घ्यायचं ह्याला कायदा नव्हता, कागद नव्हता. ह्या पायऱ्या, बस. वरच्या पायऱ्या उघड्या पडेपर्यंत कोणीही घ्या, कितीही घ्या. मग ही रुंद पायरी — धुण्याची — ही कोरडी पडली की केळीला एकाआड एक दिवस. ईस्टरच्या सुमाराला पडायची. आणि तिच्याखाली आहे ती क्रूस कोरलेली — आता नाय दिसायची, पाण्यात आहे — ती दिसली की बागायत बंद. फक्त रोपं जगवायची आणि गुरांना पाजायचं. मग कोणाचा बाप आला तरी पाणी उचलायचं नाय. माझ्या सासऱ्यांनी एका साली स्वतःच्या पानवेली डोळ्यांदेखत वाळू दिल्या, पण क्रूसाखालचं पाणी नाय उचललं. सासू वर्षभर बोलत होती त्यांना. ती पायरी उघडी पडलेली बघून मला आता… दोन वर्षं तरी झाली असतील. — हो ना, चांगलंच की! पाणी भरपूर आहे म्हटल्यावर चांगलंच म्हणायचं. सगळे चांगलंच म्हणतात.

बसा, चहा आणलाय. बसा हो, उभ्यानं काय. — छे, त्या पाण्याचा नाय, जारच्या पाण्याचा आहे. बावखलाचं आता पितं कोण? आम्ही लहानपणी शाळेतनं येताना ओंजळीनं प्यायचो, मध्ये बेडूक असला तर त्याला बाजूला सारून प्यायचो. आता घरोघर जार. टेंपोवाला येतो, रिकामा जार घेतो, भरलेला ठेवतो; चार बाजूंनी पाणी असलेल्या गावात पाणी विकत. आणि हे घ्या. खाल्लंय कधी? सुकेळं. राजेळी केळं सोलायचं, उन्हात वाळवायचं, मग केळीच्याच वाळल्या पानात बांधून ठेवायचं. मध घातल्यासारखं लागतं की नाय? नाय हो, साखरेचा कण नाय त्यात. घरच्याच वाडीचं. घ्या अजून एक, लाजू नका, सोलापूरला कोण देणार आहे.

अहो, ती बाटली कशाला काढलीत? नमुना? नमुना कशाला हवा, पाणी ते पाणी! तुम्हाला साठा मोजायला पाठवलंय आणि वापर बघायला. साठा मोजलात, वापर ऐकू येतोय. ठेवा ती बाटली पिशवीत. चहा गार होतोय.

मला ठाऊक आहे तुम्ही का आलात. मी काय दुधखुळी आहे? एवढी वर्षं ह्या गल्लीत दिव्याच्या बल्बसाठी माणूस येत नाय, आणि आज अचानक सरकारला मर्सीच्या बावखलाची आठवण? अर्ज आलाय तुमच्याकडं. बावखल बिनवापराचं आहे, पाणी कामाचं नाय, डास होतात, बुजवायला परवानगी द्या. आता तुम्ही चेहरा कितीही कोरा ठेवा. फादरांनी परवा मला बाजूला घेऊन सांगितलं, मर्सीबाय, असं असं आहे, माणूस येईल बघायला. कोणी अर्ज केला ते काय त्यांनी सांगितलं नाय, ते कुठं कोणाचं सांगतात. पण वापरातलं पाणी बुजवता येत नाय एवढं त्यांनी विचारून ठेवलंय. म्हणजे आता गोष्ट तुमच्या अंगठ्यावर. तुम्ही त्या मोबाईलवर ‘वापर आहे’ दाबलंत तर बावखल राहील, ‘नाय’ दाबलंत तर उद्या डंपर येऊन माती ओतेल.

आणि अर्ज कोणाचा हे मला फादरांनी सांगायला कशाला हवं? एरॉलचा. माझा सख्खा दीर. तो बघा, तो समोरचा बंगला, बाल्कनीला काच लावलेला — त्यातली बाई आत्ता पडद्याआडनं बघत असेल, ती सँड्रा, जाऊ माझी. त्यांना रिसॉर्ट काढायचंय. शनिवार-रविवार मुंबईची माणसं येतात ना समुद्रावर, त्यांना खोल्या, त्यांना गाणी, त्यांना तळलेली कोळंबी. आणि बावखलाच्या जागी काय करणार म्हणतो ठाऊक आहे? पोहायचा तलाव! ऐका नीट — पाणी बुजवणार, आणि त्याच्यावर निळ्या फरशा घालून टँकरचं पाणी ओतणार! त्याला म्हटलं, अरे, तुझ्या आजोबांच्या हाताला घट्टे पडले ह्याचा गाळ काढताना. तर म्हणतो, वहिनी, आजोबांना स्विमिंग येत होतं का? असा आहे. ख्रिसमसला अख्ख्या गल्लीला केक वाटतो आणि भावाच्या बायकोला असं बोलतो. तुमचे साहेब तरी काय वेगळे? तिकडं डोंगरात एवढी मोठी धरणं बांधली ती शेतीसाठी म्हणूनच ना? आज त्यातलं पाणी पाइपात बसून बिल्डिंगींच्या फ्लशला येतं. बांधताना शेतकरी, वाटताना शहर. मग आमच्या डबक्याला कोण विचारतो.

पानं? कुठली पानं? केळीची होय. कडा करपल्यात त्या… तो करपाच. रोग असतो केळीवर, यंदा सगळीकडं आहे, आगाशीलासुद्धा आहे. — चाफा? चाफ्याला काय झालंय? पानं झडतात हो उन्हानं. आता काय, माणसाचे केस गळतात तर झाडानं काय घोडं मारलंय. — नाय, एकच नाय, सगळे चाफे झडलेत, बरोबर. बघितलंत म्हणजे. बारीक नजर आहे तुमची. — ते पांढरं? बुंध्याशी? तो चुना. मुंग्या लागतात म्हणून टाकला मी — अहो, हात नका लावू — अहो, तोंडात काय घालता ते! थुंका! थुंका म्हणते ना!

झालं?

कळलं ना. तुमच्याकडं उसाच्या रानात असंच मीठ फुटतं, नाय का? म्हणून ओळखलंत. मला वाटलं ऑफिसातला पोरगा, शहाबादी फरशीवर वाढलेला असेल, त्याला चुना काय आणि मीठ काय. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, हे मला कधी जमलंच नाय. बसा, उठू नका. मोबाईल ठेवा खाली, एवढा चहा संपेपर्यंत तरी काही दाबू नका. खारं आहे ते. सगळंच्या सगळं खारं. काठोकाठ का दिसतंय माहितेय? भरती आहे आत्ता. अमावस्येची. तुम्ही फोन करून सकाळी येतो म्हणालात, तेव्हा मी नाय का म्हटलं, सकाळी मला चर्चमध्ये मिस्सा आहे, दुपारी या? मिस्सा कसली! समुद्राला जाळी टाकणारे बघतात तशी मी आता बावखलात उतरायला भरती-ओहोटी बघते. ओहोटीला या, वीतभर उतरलेलं असतं. आमच्या गोड्या पाण्याला समुद्राची नाडी लागली. आणि ते सुकेळं, तेही घरचं नाय. आगाशीहून विकत आणलं, तुमच्यासाठी. माझ्या राजेळीला दोन हंगाम घड धरलेला नाय.

कसं झालं विचारता? खणून झालं. दर मे महिन्यात पाच घरं मिळून गाळ काढायची रीत आमच्यात. पुरुष खाली, बायका वर घमेली घ्यायला, दुपारी सगळ्यांचं एकत्र जेवण, सुक्या बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी. आणि त्यात एकच नियम — शिंपले दिसले की फावडं ठेवायचं. गाळाच्या खाली काळी चिकणमाती लागते आणि तिच्यात शिंपले, बारीक बारीक, समुद्राचे. ते दिसले की पुढं एक घाव नाय घालायचा. का? ते कोणीच सांगितलं नाय. आम्ही विचारलंही नाय. शुक्रवारी मटण का नाय खायचं हे कोण विचारतं? नाय खायचं, संपलं. मला वाटायचं, ते पवित्र असतील. कोणाला वाटायचं, पाय कापतात म्हणून. हसू नका. तुमच्याकडंही असेल की असं, करत आलेलं आणि विसरत गेलेलं.

तर एका उन्हाळ्यात क्रूसाची पायरी लवकरच उघडी पडली. मी चाफ्याची रोपं जगवायला कळशीनं पाणी वर आणत होते, पाय घसरला आणि मनगट मोडलं. हे बघा, अजून वाकडंच आहे. हे — म्हणजे आमचे मिस्टर, फर्डिनंड — तेव्हा जाऊन वर्ष झालं होतं. घरात मी आणि मुलगा जेन्सन. अंधेरीला ऑफिसात कामाला, नवीन लग्न झालेलं. त्यानं माझा प्लास्टरचा हात बघितला आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसला नाय गेला. इथंच, ह्या पायरीवर बसून राहिला. म्हणाला, मम्मी, पुढच्या उन्हाळ्यात तुला जूनपर्यंत पाणी देतो, कळशी उचलायची नाय. आणि दिलं! मुलगा शब्दाचा पक्का. पुढच्या मे महिन्यात मशीन घेऊन आला, पिवळं धूड, गल्लीत मावेना, एरॉलच्या कुंपणाचा खांब काढून आत घेतलं. एरॉलनं स्वतः काढून दिला, हे लक्षात ठेवा! पाचही घरं काठावर उभी. सगळे खूश. घमेलं उचलायला नको, कंबर मोडायला नको. मी आत, त्या ड्रायव्हरसाठी आणि सगळ्यांसाठी जेवण करत होते. मशीनच्या दातांनी शिंपले वर आले — ढिगांनी आले म्हणे. सगळ्यांनी बघितले. आणि कोणाला काही आठवलं नाय! फावडं ठेवायचं ठाऊक होतं हो, पण फावडं कोणाच्या हातात होतंच कुठं? हातात मोबाईल. फोटो काढत होते. पोरं शिंपले वेचत होती. एरॉल म्हणाला, जेन्सन, आलंच आहे मशीन तर अजून खोल जाऊ दे, भरपूर साठेल. मी बाहेर आले तेव्हा तळाशी विहिरीएवढा खड्डा आणि जेन्सन वरनं हात हलवतोय मला.

आणि दुसऱ्या दिवशी पाणी चढायला लागलं. मे महिन्यात! आभाळात ढगाचा ठिपका नाय आणि पाणी आपोआप वर. क्रूसाची पायरी बुडाली, धुण्याची बुडाली. चमत्कार! अख्खं गाव बघायला आलं. होळी गावच्या बाजारात बायका भाजी टाकून ह्याचीच चर्चा. फादरांना बोलावलं, त्यांनी प्रार्थना केली, पवित्र पाणी शिंपडलं — पाण्यावर पाणी! जेन्सनला शाल. सँड्रानं त्याच्या गालाचा मुका घेतला, म्हणाली, फर्डिनंड असता तर. आणि एवढ्या माणसांत एकानं, एकानं तरी बोट बुडवून जिभेला लावायचं ना? नाय! कारण प्यायला जार आहेत घरी. आमचा बाप ओंजळीनं पीत होता, त्याला क्षणात कळलं असतं. आम्ही पाण्याचे फोटो काढले आणि पाचही घरांनी पंप सोडले. पोटभर पाणी पाजलं वाड्यांना. आठवड्याभरात पानांच्या कडा तांबूस झाल्या. सगळे म्हणाले, उन्हानं. अजून पाणी द्या, म्हणाले. अजून दिलं.

मग जे व्हायचं ते झालं. चार घरांच्या पानवेली गेल्या, मोगरा गेला, माझा चाफा गेला. जेन्सनला कोणी काही बोललं का? नाय! तेच तर. बोलले असते, दोन शिव्या घातल्या असत्या, कॉलर धरली असती, तर बरं झालं असतं, भांडण मिटतं. ते गप्प राहिले. आमच्या मिस्सात, तुम्हाला माहीत नसेल, मध्येच फादर सांगतात, एकमेकांना शांती द्या. मग शेजारच्याला हात द्यायचा, नायतर हात जोडायचे. त्या रविवारी जेन्सननं मागं वळून एरॉलसमोर हात केला, आणि एरॉल पलीकडच्या माणसाशी शांती करत बसला. केवढा वेळ! जेन्सनचा हात तसाच. मी बघितलं. देवाच्या घरात बघितलं मी ते, आणि तेव्हापासून त्या माणसाचा केक आमच्या घरात येत नाय. पुढच्या महिन्यात जेन्सन आणि स्टेफी विरारला फ्लॅटवर राहायला गेले. मला म्हणाला, ऑफिसला जवळ पडतं. विरार काय अंधेरीला जवळ पडतं? भूगोल काय मला कळत नाय? पण मी म्हटलं, जा बाबा. आता येतो अधनंमधनं, गाडी पुढच्या दारी लावतो, पुढच्या खोलीत बसतो, पुढच्या दारानं जातो. जेवायला मागच्या पडवीत बसू म्हटलं तर म्हणतो, मम्मी, पंख्याखाली बरं. दोन वर्षांत ह्या मागच्या दाराचा उंबरा त्यानं ओलांडलेला नाय.

तर पंप का चालू ठेवला म्हणून विचारता? ठाऊक असून झाडांना मीठ का पाजते? अहो, मी वेडी नाय. पंप बंद केला तर वापर नाय. वापर नाय म्हटलं की बुजवा. मग मी वापर दाखवते. रोज दाखवते, समोरच्या पडद्याला दाखवते! मरणाऱ्या केळीला पाणी घालते, म्हणजे जगणाऱ्या बावखलाला कोणी मेलं म्हणायला नको. चाफा माझ्या लग्नातला होता. जाऊ दे, चाफा परत लावता येतो. बावखल बुजलं की बुजलं. आणि हे सुटेल हो! मी विचारलंय, शेतीखात्यातले एक रिटायर झालेले आहेत होळी गावात, त्यांनी सांगितलंय — खालचं समुद्राचं पाणी अडवणारी माती फुटलीय, तर तळाचा तो खड्डा चिकणमातीनं चेपून घ्यायचा, आणि पावसाळ्यात वरनं गोडं उतरतं तेव्हा खालचं खारं उपसत राहायचं. दोन-तीन पावसाळे. मी उपसतेच आहे. गेल्या ऑगस्टात चव घेतली मी, थोडं कमी लागलं. खरंच कमी लागलं! मला एकटीला चेपता यायचं नाय एवढंच, माणसं लागतील, ती मिळतील. पण आधी बावखल राहिलं तर पाहिजे.

म्हणून सांगते — पाया पडणार नाय, तुम्ही माझ्या मुलाच्या वयाचे — ‘वापर सिंचन’ एवढं दाबा. खोटं काय आहे त्यात? पंप चालू आहे. पाणी झाडाला जातंय. झाड जगतं का मरतं हे विचारलंय कुठं तुम्हाला? नाय ना? मग! मला काही पैका नको, रिसॉर्ट नको. मला एकदा ते पाणी गोडं झालेलं पाहिजे. एकदाच. पाचही घरांना बोलावीन, त्या एरॉललासुद्धा, आणि त्यांच्यासमोर जेन्सनला इथं पायरीवर बसवून ओंजळीनं पाजीन. म्हणीन, हे बघा, ह्यानं खणलं ते. एवढ्यासाठी चाललंय हे सगळं. त्यानं मान वर करून मागच्या दारानं बाहेर यावं, बस. त्या एरॉलला काय ठाऊक, तो अर्ज कसला करतो—

काय?

एरॉलचा नाय? मग सँड्राचा असेल, एकच ते. — तिचाही नाय? अहो, तुम्ही आता एवढं मीठ खाल्लंत माझं, नाव सांगायला काय होतंय? भांडायला नाय जाणार मी, शपथ. पाच घरं आहेत, चारांतलंच कोणीतरी असणार… कोण?

कुठला जेन्सन? भुईगावात पोतंभर जेन्सन आहेत. चर्चच्या दारात हाक मारा, चार तरी वळून बघतील. तुमच्या ऑफिसात काहीतरी घोळ… फर्डिनंड. जेन्सन फर्डिनंड. — हो. विरारचा पत्ता. हो, तोच. फर्डिनंडच्या मागं हिश्शाला आम्हा दोघांचं नाव लागलंय, त्याला अर्ज करता येतो. येतो की. का नाय येणार.

काय कारण दिलंय त्यानं? नाय, मला वाचायला नको देऊ, तू सांग. — माझी तब्येत. आई रोज खारं पाणी उपसते. आई सांगून ऐकत नाय… मला कधी सांगितलं त्यानं? एका शब्दानं नाय सांगितलं! …बुजवलं तर आई थांबेल. असं लिहिलंय? ‘थांबेल’ असंच लिहिलंय?

म्हणजे तो मागं येऊन बघून गेला. कधीतरी मी नसताना, बाजारात असताना आला, ह्या झाडांतनं फिरला, आणि मला न सांगता गेला.

माझ्यासाठी. बघ की. मशीन आणलं तेही माझ्यासाठीच आणलं होतं.

— नाय, काही होत नाय मला. पाणी नको. ते जारचंही नको. तू नको ना बोलू काही, तुझा काय दोष, तू चांगला मुलगा आहेस. मोबाईल ठेव खिशात. नको, ‘वापर आहे’ नको दाबू आता. ‘नाय’ही नको. तुमच्यात तसं असतं ना — माणूस लांबनं येतो, दार ठोठावतो आणि हात हलवत परत जातो? ते लिही. घर बंद होतं, कोणी भेटलं नाय. ऊठ. टेप घे तुझी, ती बाटली घे. पुढच्या दारानं जा. ऊठ म्हणते ना.